लोखंडातली मालदांडी

लोखंडातून ज्वारी उगवलेली मी बघितली आहे. हसा, खुशाल हसा. मी जन्मभर थापा मारल्या हे सगळ्या हिवरतळ्याला ठाऊक आहे. आमच्या बारवेतल्या कासवावर बसून मी परळीला गेलतो, असं मीच सांगितलं होतं आणि दोघांनी ते खरंही धरलं होतं. पण ही थाप नाही. हिच्यात एकच खोटं आहे, ते माझ्या तोंडून निघालेलं आहे, आणि ते कुठं आहे ते मीच दाखवणार आहे.

साल बहात्तर. त्या साली सावलीसुद्धा सावली हुडकत फिरायची. विहिरीत घागर सोडली की ती तळाला जाऊन खोकायची आणि वर यायची. माणसं रेशनवरची अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, खायची, दिवसभर खडी फोडायची आणि रात्री पोट धरून पडायची. अशा साली आमच्या सुंदरराव चेअरमनला साखर कारखाना काढायचा होता. सहकारी. प्यायला पाणी नाही तिथं उसाचा कारखाना. बोर्ड लागला, गादीची खुर्ची आली, चेअरमनही झाला. फक्त परवाना राहिला होता. परवाना देणारा दिल्लीचा पाहुणा म्हणाला, येतो, पण विमानानं येतो. तुमचे रस्ते माझ्या कमरेला सोसत नाहीत.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. टणक मुरूम, त्यावर रणगाडाही उतरला असता. पण ऐन मधे तीस गुंठ्यांचा एक खोलगा होता आणि त्यात काळी माती होती. ती माती काही देवानं टाकलेली नव्हती. बौद्धवाड्यातला बन्सी आणि त्याची बायको दगडाबाई यांनी नऊ उन्हाळे तळ्यातला गाळ डोक्यावरून वाहून ती तिथं आणली होती. सातबाऱ्यावर त्यांच्या नावानं बोटभर जमीन नव्हती. नऊ वर्षं ते त्या खोलग्यात ज्वारी पिकवत होते, आणि नऊ वर्षं तलाठी आपल्या वहीत त्या रानापुढं ‘पडीक’ लिहीत होता. बांधावर मांडी घालून, त्याच ज्वारीचा हुरडा चावत, ‘पडीक’.

दगडाबाई एकदा चालत तहसीलला गेलती. तिथला कारकून बरा होता. तो म्हणाला, “बाई, कसणाराच्या नावावर गायरान करायचं वरती चाललंय. पर कागद लागंल. तुझ्या नावाचं पीक तिथं उभं व्हतं, असा एक सरकारी कागद आण. एकच आण.”

तेव्हापासून ती त्या एका कागदाच्या मागावर होती.

सुंदररावनं नगरकडच्या एका लष्करी लिलावातून लोखंडी पत्रे आणले. दुसऱ्या महायुद्धातले. लढाईत म्हणे साहेब लोक चिखलावर हे पत्रे अंथरायचे, त्यावर विमान उतरवायचे, आणि काम झालं की उचलून पुढच्या गावाला न्यायचे. एकेक पत्रा दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद. अंगाला सत्त्याऐंशी भोकं, लिंबू जाईल एवढी. मी मोजलीत, मला दुसरं काम नव्हतं. एका कडेला आकडे, दुसऱ्या कडेला खाचा. याचा आकडा त्याच्या खाचेत घालायचा, ठोकून सरकवायचा, असे सव्वीसशे पत्रे जोडले की झाली लोखंडाची चटई.

“चटईच हाय बन्सी,” सुंदरराव जीपमधूनच म्हणाला. “अंथरली, पाव्हणा उतरला, उचलली. आठ दिसांत रान तुझं तुला.”

“साहेब, नांगरून ठिवलंय. एक पाऊस झाला की...”

“पाऊस?” सुंदररावनं आभाळाकडं बघितलं आणि तो हसला. जीपमधले सगळे हसले. बन्सीही हसला, कारण सगळे हसत होते. दगडाबाई हसली नाही.

खडीवरच्या बायका उचलून पत्र्यावर लावल्या. वर रामहरी मुकादम. एक पत्रा म्हणजे पाऊण मण वजन. पुढं एक बाई, मागं एक बाई. दगडाबाईच्या मागं तिची सासू भामाबाई असायची, साठीतली, वाळून खारीक झालेली. भादव्यातलं ऊन, लोखंड तव्यासारखं. बायकांनी चिंध्यांची चुंबळ खांद्यावर घेतली तर दुपारपर्यंत चिंधी कातडीला चिकटायची. संध्याकाळी ओढून काढताना कातडी सोबत यायची. भामाबाई ती चिंधी काढायचीच नाही. म्हणायची, “राहू दे गं. उंद्या पुन्ना लावायचीच हाय.”

पत्रे ठोकून बसवायला प्रत्येकीला वीतभर लोखंडी आकडी दिली होती, एका टोकाला अणकुचीदार. दगडाबाईचा हात त्या आकडीवर बसला. आपल्याच नांगरटीवर ती पत्रे ठोकत होती. गुडघ्याखालची ढेकळं तिला एकेक ओळखू येत असतील.

“दगडे, हात उचल!” रामहरी ओरडायचा. “बापाचं रान असल्यावानी कुरवाळतीस का?”

“बापाचं न्हाई, मुकादम. माझं हाय.”

“ऐका! माझं म्हणती!” रामहरीनं बाकीच्या बायकांकडं बघितलं. कुणी मान वर केली नाही.

काम संपलं त्या दिवशी आकड्या परत घेतल्या. एक कमी भरली. रामहरीनं दगडाबाईला सगळ्यांसमोर उभं केलं, पदर झटकायला लावला, ओटी सोडायला लावली. ओटीत मिलोची अर्धी भाकर होती, ती मातीत पडली. आकडी सापडली नाही. दगडाबाईनं भाकर उचलली, फुंकली, पुन्हा ओटीत बांधली. रामहरीच्या डोळ्यांत बघत बांधली. आकडी भामाबाईच्या खांद्यावरच्या चिंधीत होती. रक्ताची चिंधी कोण तपासणार?

पाहुणा आला त्या दिवशी गावात टँकर यायचा होता. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. बायका सकाळपासून घागरी घेऊन रांगेत, बौद्धवाड्याच्या बायका रांगेच्या शेपटाला. टँकर आला आणि रांगेपुढून सरळ गायरानाकडं गेला. पत्रे तापले होते. पाहुण्याच्या बुटाला चटका बसायला नको, म्हणून अख्खा टँकर त्या लोखंडावर सोडला. पाणी पडलं की लोखंड फुसकारायचं. बायका घागरी घेऊन मागं धावत आल्या होत्या, त्या कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. एकीची लेकरं ओल्या पत्र्यावर पालथी पडून भोकाच्या कडेचं पाणी चाटायला लागली, तर पोलिसानं काठीनं हाकलली.

विमान उतरलं. पाहुणा वीस मिनिटं थांबला, नारळ फोडला, रुमालानं कपाळ टिपलं, म्हणाला, “परवान्याचं बघू,” आणि उडून गेला.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. चटई काही उचलली नाही. बन्सी सुंदररावच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला.

“पाव्हणा परत यायचाय, परवाना घेऊन. तवर राहू दे,” सुंदरराव म्हणाला.

“पर साहेब, तुमी म्हणलते आठ दिस...”

“काय बे, गायरान हाय ते. सरकारी. तू कोण रे इचारणारा? तलाठ्याच्या वहीत काय लिवलंय? पडीक. पडीक जमिनीला मालक असतो का?” आणि आत बघून म्हणाला, “ज्ञानोबा तात्याला राखणीवर बसवा. हे लोक पत्रे चोरतील.”

असा मी राखणदार झालो. काठी, शिट्टी आणि बाभळीखाली एक बाज. बडबडा, बिनकामाचा म्हातारा, आणखी कुठं खपणार होता?

तिसऱ्या दिवशी दगडाबाई आली. मी शिट्टी तोंडात धरली. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पत्र्यावर उकिडवी बसली, एका भोकात बोट घातलं आणि बोट वर काढून मला दाखवलं. बोटाला काळा चिखल होता.

“तात्या, ह्याला काय म्हणत्यात?”

“चिखल.”

“टँकर हिथं जिरलाय. लोखंडानं झाकण घातलंय, ऊन पोचंना खाली. सगळ्या मुलखात ओल न्हाई, आन् माझ्या रानात हाय.” तिनं ते बोट चाटलं. “आमच्या घागरीचं पाणी हाय हे. आमी पिलो न्हाई. रान पिलंय.”

“मग?”

“मग काय? शिट्टी वाजवायची तर वाजवा.”

मी शिट्टी खिशात ठेवली.

भामाबाईनं उतरंडीच्या खालच्या मडक्यात राखेत घोळून चार शेर मालदांडी ज्वारी बियाण्याला ठेवली होती. घरात मिलोचं पीठही संपत आलं होतं. बन्सी म्हणाला, “आये, शिजवून खाऊ. आजचा दिस तर जाईल.” भामाबाई मडक्यावरच बसली. “मला आधी चुलीत घाल, मग हे शिजव,” म्हणाली. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी बन्सीनंच मडकं उचलून बायकोच्या डोक्यावर दिलं.

अश्विनातलं ऊन मला विचारा. टोकणी त्यांनी भर दुपारी केली, बाराच्या ठोक्याला, जेव्हा कुत्रंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. गुडघ्याला आणि तळहाताला गोणपाटाचे तुकडे बांधलेले. दगडाबाई पुढं, हातात तीच आकडी. भोकात आकडी खुपसायची, मनगट फिरवायचं. मागं भामाबाई, दोन दाणे सोडायची. मागं बन्सी, अंगठ्यानं माती दाबायचा. एक भोक भरायचं, दोन सोडायची. लोखंडावर गोणपाट धुमसायचं, जळका वास माझ्या बाजेपर्यंत यायचा. भामाबाईच्या गुडघ्याला फोड आले, फुटले, ती पत्र्यावर बसून पुढं सरकायला लागली. त्या सात दुपारी मी राखण केली. जन्मात एकदाच, खरीखुरी. माणूस दिसलं की मी शिट्टी वाजवायचो आणि ते तिघं ओढ्यात.

शेवटच्या दुपारी मी म्हणालो, “पोरी, उगवलं तर कुणाला दाखवणार हायेस?”

“तलाठ्याला.”

“तो पुन्ना पडीकच लिवंल.”

“लिवू द्या. एकदा तरी लोखंडाच्या वर आलेलं बघून लिवू द्या.”

आता जे सांगतो ते तुम्ही ऐकणार नाही. पाऊस एकच झाला, पंधरा मिनिटांचा. उगवण झाली. पुढं मात्र थेंब नाही. आजूबाजूच्या रानातली ज्वारी वितीवर वाळली. पण कार्तिक लागला, पहाटेचं गार सुटलं आणि ते लोखंड घामाघूम व्हायला लागलं. सकाळी पाय ठेवला की पत्रा ओलाचिंब. दहिवर साचून थेंब व्हायचे, थेंब घरंगळत भोकात जायचे, आणि टोकलेल्या प्रत्येक भोकात ज्वारीचं एक ताट हिरवंगार उभं. सव्वीसशे पत्रे रोज पहाटे त्या रानाला पाणी पाजायचे. सुंदररावनं पैसा मोजून आणलेलं लोखंड! मी बाजेवर बसून एकटाच हसायचो. मार्गेसरात ज्वारी छातीला लागली.

सुंदरराव तेव्हा परवान्यासाठी मुंबई-दिल्ली करत होता. दोन महिने गावात नव्हता. पण एक दिवस रामहरी आला आणि कुंपणाशीच थबकला.

“तात्या! हे काय हाय बे?”

आणि इथं मी ते खोटं बोललो. मी बाजेवरून उठलोसुद्धा नाही. “लष्कराचं गवत हाय,” म्हणालो. “लढाईत इमान दिसू नये म्हणून गोऱ्यांनी ह्या पत्र्याला बी चोपडलेलं व्हतं. पाणी लागलं की उगवतं. हात लावू नको. एकानं नगरला उपटलं, तर त्याला अजून मिलिटरीवाले इचारायला येत्यात.”

रामहरी दोन पावलं मागं सरला. “कणसावानी दिसतंय, तात्या.”

“गोऱ्यांचं गवत, बाबा. दिसायला गोरंच असणार.”

तो गेला. मला वाटलं, मोठी अक्कल पाजळली मी. दगडाबाईला सांगितलं तर तिच्या कपाळाला आठी पडली. “गवत कावून म्हणले तुमी?” एवढंच म्हणाली.

पौषात तार आली. पाहुणा परवाना घेऊन उद्या सकाळी येतोय, सुंदरराव त्याच्याच विमानात आहे, पट्टी साफ ठेवा. रामहरी सकाळी चार विळेवाले घेऊन धावला. पण कणसाला हात लावायची कुणाची छाती होईना. “पयला तू काप.” “मी कावून? मुकादम कापतील.” मी शेजारी उभा राहून मिलिटरीच्या तुरुंगाची वर्णनं सांगत होतो. तेवढ्यात आभाळात घरघर झाली.

विमान एक घिरटी मारून गेलं. दुसरीला इतकं खाली आलं की ज्वारी एका अंगाला झुकली. खिडकीत सुंदररावचं तोंड मला दिसलं. नाही दिसलं म्हणा तुम्ही, मला दिसलं. तिसरी घिरटी अर्ध्यात सोडून ते औरंगाबादकडं वळलं. परवाना घेऊन.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जीप आली. सुंदरराव, दोन पोलीस आणि बगलेत दप्तर धरलेला तलाठी. बौद्धवाड्यातून बन्सीला कॉलरला धरून आणलं. दगडाबाई आणि भामाबाई आपल्या पायानं आल्या. सुंदररावचे डोळे दोन रात्री न झोपल्यासारखे लाल होते.

“कुणी केलं हे?”

रामहरीनं हात जोडले. “साहेब, तात्या म्हणलते, लष्कराचं गवत हाय.”

तलाठी शहाणा माणूस. त्यानं ज्वारीकडं बघितलं, दगडाबाईकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. दप्तर उघडता उघडता हळूच म्हणाला, “गवतच म्हणू, साहेब. पट्टीवर रानगवत वाढले, ते काढून टाकले. दोन ओळीत विषय संपतो. उगाच नावं-गावं नकोत.”

“गवतच हाय, साहेब,” बन्सी घाईघाईनं म्हणाला. पोलिसाचा हात त्याच्या मानेवर होता. “आमचा काय बी संबंध न्हाई.”

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो ते. एक गवत, आणि दहाव्या वर्षीही पडीक.

“तात्या,” सुंदरराव माझ्याकडं वळला, “तू राखणीवर व्हतास. गवत का?”

त्याला हो म्हणायचं होतं मी. राखणीची बाज राहिली असती, दोन वेळची भाकर राहिली असती, बन्सीची मान सुटली असती. माझ्या तोंडाला खोट्याची इतकी सवय की हो आपसूक ओठावर आलं होतं. दगडाबाईनं एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकलं, आणि दाणे माझ्यापुढं धरले. तळहातावर भाजल्याचे डाग होते, मधे मोत्यासारखी मालदांडी.

मी दोन दाणे तोंडात टाकले. “ज्वारी हाय, साहेब,” म्हणालो. “मालदांडी. दगडाबाईची. सात दुपारी टोकताना ह्या डोळ्यांनी बघितली.”

सुंदररावनं माझ्या कानशिलात दिली. मी खाली पडलो, आणि पडल्या पडल्या पुन्हा म्हणालो, “ज्वारीच.”

“गवत म्हणतो भडव्या?” तो तलाठ्यावर उलटला. “माझा परवाना गेला, कारखाना गेला, आन् तू गवत लिवतो? डोळे फुटले का? ज्वारी दिसंना तुला? लिव! नाव लिव हिचं! गुन्हा घाल!”

“साहेब, जरा बाजूला या...”

“बाजूला कावून? हिथंच बोल!”

“साहेब, नाव लिहिलं तर पुढं...”

“लिव म्हणतो ना!” सुंदररावनं त्याची मानगूट धरून जीपच्या बॉनेटवर वाकवला. “सरकारी गायरानात बेकायदा ज्वारीचं पीक. उभं पीक. लिव. कोण?”

“बन्सी...” तलाठी पुटपुटला.

“बन्सी कावून?” दगडाबाई पुढं झाली. “पेरलं मी. माझं नाव लिवा. दगडाबाई भ्रतार बन्सी.”

“गप ए!” बन्सी ओरडला. “आत टाकत्याल तुला!”

“टाकू द्या. आतमधी तरी मिलो नसंल.”

“कधीपासून पेरतीस? का ह्याच साली माज आला?” सुंदररावनं विचारलं.

“नऊ वर्सं झाली, साहेब. हे धावं.”

“ऐकलं? नऊ वर्सं! लिव, नऊ वर्सांपासून सरकारी जमीन बळकावून पीक घेती. जल्माची अद्दल घडवतो.”

तलाठ्याच्या नाकावरून घामाचा थेंब कागदावर पडला. तो लिहीत होता.

“तीस गुंठे लिवा, भाऊसाहेब,” दगडाबाई शांतपणे म्हणाली. “कमी लिवू नका, साहेब रागावत्याल.”

पंच म्हणून मी अंगठा उठवला. दुसरा रामहरीनं. दगडाबाईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि असा दाबून उठवला की कागद फाटतो का काय. सुंदररावनं हट्टानं खाली शिक्का मारून घेतला, वर नक्कल करायला लावली. “एक हिच्याही तोंडावर फेक. कळू दे काय केलंय ते.”

मग त्यानं जीप पिकात घातली. पत्र्यावरून तीनदा इकडून तिकडे फिरवली. विळेवाल्यांनी उरलेलं कापलं. आता कुणालाच मिलिटरीची भीती नव्हती. कणसं चाकाखाली फुटत होती, दाणे भोकांतून खाली जात होते. भामाबाई मोडलेल्या ताटांत वाकून कणसं वेचायला लागली. पोलिसानं तिच्या पदरातली ओतून टाकली, ती पुन्हा वाकली. त्यानं पुन्हा ओतली, ती पुन्हा वाकली. बन्सी तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. रडत होता की शिव्या देत होता, मी विचारलं नाही.

दगडाबाईला जीपच्या मागच्या फळीवर बसवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती नक्कल तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

“भाऊसाहेब,” तिनं तलाठ्याला हाक मारली, “काय लिवलंय ते वाचून दावा. मला उद्या कुणी इचारलं तर?”

“वाच बे, कळू दे तिला,” सुंदरराव पुढच्या सीटवरून म्हणाला.

तलाठ्यानं खाली मान घालून वाचलं, “सदर गायरानातील तीस गुंठे क्षेत्रात दगडाबाई भ्रतार बन्सी हिचे ज्वारीचे पीक उभे असल्याचे समक्ष पाहिले. सदर बाई सदर क्षेत्र नऊ वर्षांपासून कसत असल्याचे...”

तो थांबला. सुंदररावची मान हळूहळू मागं वळायला लागली होती.

दगडाबाईनं कागद घडी करून चोळीत घातला. “ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “पुढचं तहसीलात वाचून घेईन.”